कोंडे काकांची बारीक वायर

कोंडे काका कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे जातात. यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत काका भिंत आणि टीव्हीचं कपाट यांच्या मधल्या फटीत मान घालून उभे असतात. तिथून आवाज येतो, "कुणी केलंय हे?" घरात चोरी झाली आहे आणि चोर घरातलाच आहे, असा एकूण सूर. मागे वायरींचा गुंता असतो. तो कुणाच्या घरी नसतो? पण काका हातावरची धूळ झटकत बाहेर येतात आणि यजमानाकडे अशा नजरेने बघतात, जणू त्याने दाराशी जनावर बांधलंय आणि त्याला सकाळपासून पाणी दाखवलेलं नाही.

"बिचारी पार पिळवटलीय," ते म्हणतात. बिचारी म्हणजे सेट टॉप बॉक्सची वायर.

वाकडला आमच्या इमारतीत त्यांचं आणि माझं दार एकाच मजल्यावर, मधे लिफ्ट आणि लांबसा पॅसेज. काका मूळचे चाकणजवळच्या एका खेड्यातले. घरची शेती. भाऊ शेतीत राहिला आणि काका कंपनीत लागले. कंपनी मोटारींच्या वायरींचे जुडगे बनवायची. गाडीच्या दिव्यापासून डिकीपर्यंत आतून जो वायरींचा जाडजूड जुडगा फिरतो तो. हेल्पर म्हणून लागले, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. सगळं आयुष्य वायरींना वळण लावण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर वळण लावायला काही उरलं नाही, म्हणून ते आमच्याकडे वळले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. काळ्या वेल्क्रो पट्टीची छोटी गुंडाळी असते. वायरी एकत्र बांधायची, चिकटणारी आणि पुन्हा सुटणारी पट्टी. इमारतीतल्या एका नव्या जोडप्याला त्यांनी लग्नाचा आहेर म्हणून अशी अख्खी गुंडाळी दिली, वर लाल रिबन बांधून. जोडप्याला बरेच दिवस कळेना की हे नेमकं कशासाठी.

तळमजल्यावर एकदा सत्यनारायण होता. गुरुजींची कथा रंगात आली होती आणि माणसं अधूनमधून घड्याळ बघत होती. तेवढ्यात चौरंगामागचा पडदा हलला. दिव्यांच्या माळेची वायर एक्स्टेन्शन बोर्डाला ताणून लावली होती, ते काकांना बघवलं नव्हतं. ते पडद्यामागे शिरले होते. गुरुजी थांबले आणि शांतपणे म्हणाले, "आरतीला तरी बाहेर या." काका आरतीला बाहेर आले, पण हातात पिन घेऊन. माळ विझली होती. त्यांनी त्याच हाताने टाळी धरली आणि डोळे मिटून आरती म्हटली.

"मोकळीक ठिवा," हे त्यांचं आवडतं वाक्य. वायर ताठ ओढायची नाही. टोकाशी थोडी सैल सोडायची, नाहीतर पिनेशी तुटते. हा नियम ते वायरींपुरता ठेवत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन कुटुंबांचं जुंपलं, तेव्हा काका मधे उभे राहून म्हणाले, "दोन्हीकडनं ताणताय तुमी. मधी मोकळीक ठिवा." दोन्ही कुटुंबांनी त्याच क्षणी भांडण थांबवलं आणि ती मिळून काकांवर धावून गेली. काका खाली बसताना माझ्या कानाशी म्हणाले, "बगा, झाली की एकी."

गंमत अशी की सगळ्यांच्या घरात शिरणारे काका स्वतःच्या घरात कुणाला घेत नसत. दारात उभं राहून बोलायचे, तेही पाठीमागे दार ओढून. इमारतीत यावर बरेच तर्क होते. काकांच्या घरी वायरींचा असा गुंता असणार की आत पाय ठेवायला जागा नसेल, हा तर्क सगळ्यांत लाडका. त्यांच्या पत्नी, शालन काकू, कधीतरी काकांचा दंड धरून लिफ्टमध्ये दिसायच्या. मी मान झुकवून नमस्कार करायचे. त्या सरळ समोर बघत राहायच्या. शिष्ट असतील, असं मी ठरवून टाकलं.

काकांशी माझी खरी ओळख झाली ती अण्णांमुळे.

अण्णा माझे वडील. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा पाय ओढत, वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. तोंड एका बाजूला थोडं वाकडं झालंय आणि शब्द जड येतात. माझ्याशी बोलतात, पण परका माणूस आला की मान खाली. डॉक्टर म्हणाले होते, जेवढं बोलतील तेवढं बोलणं सुधारेल. पण तोंड वाकडं होतंय हे समोरच्याच्या डोळ्यांत दिसतं, आणि मग अण्णांना शब्दच फुटत नाही.

आमच्या घरी आम्ही दोघंच. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करते. परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी एक टीम आहे, ती सांभाळते. अण्णांमुळे मला घरून काम करायची परवानगी मिळाली होती, पण ती डळमळीत होती. घर भाड्याचं. राउटर हॉलमध्ये गॅलरीपाशी, आणि माझं टेबल अगदी मागच्या खोलीत, कारण तिथून अण्णांचा पलंग दिसतो. मधे जाड भिंती. वायफाय तिथपर्यंत यायचं ते धापा टाकत. मी बोलता बोलता पडद्यावर गोठायचे, तोंड उघडं ठेवून. शेवटी माझ्या मॅनेजर बाईंनी सांगितलं, "अनघा, तुझी अडचण मला समजते. पण पुढच्या आठवड्यात ग्राहकाबरोबर मोठी बैठक आहे. त्यात आवाज तुटला, तर तुला ऑफिसला बोलावण्याशिवाय माझ्या हातात काही राहणार नाही."

हिंजवडी नकाशात जवळ आहे. पण त्या रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला विचारा. अण्णा घरी पडले, तर मी पोचेपर्यंत काय, या विचाराने मला जेवण जाईना.

मग मी ऑनलाइन एक केबल मागवली. राउटरपासून थेट लॅपटॉपपर्यंत जाणारी, दोन्ही टोकांना पिना बसवलेली. दुकानदार हिला पॅच केबल म्हणतात. वर्णनात "मजबूत" असं लिहिलं होतं आणि ते खरं निघालं. केबल इतकी मजबूत होती की ती माझं ऐकेना. भिंतीलगत सरळ करून ठेवली की पाठ वळताच पुन्हा वेटोळं. कोपऱ्यात वळायला तयार नाही. दाराच्या फटीतून जाईना, म्हणून खोलीचं दार उघडं. घरमालकांनी खिळा मारायचा नाही असं बजावलेलं. चिकटपट्टी लावली, ती सकाळपर्यंत सुटली.

आणि व्हायचं तेच झालं. वेटोळ्यात वॉकरचा पाय अडकला. मी धावले, अण्णांना धरलं, पण वॉकर आडवा पडला आणि मोठा आवाज झाला.

बाहेरचं दारही उघडंच होतं. काका आत आले. आल्या आल्या ते टीव्हीच्या मागे गेले नाहीत, हे मला नंतर आठवलं. त्यांनी अण्णांच्या काखेत हात घालून त्यांना खुर्चीवर बसवलं. पाय चाचपून बघितला, बोटं हलवायला सांगितली, पाणी दिलं. अण्णांनी मान खाली घातली होती. काकांनीही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सगळं ठीक आहे अशी खात्री झाल्यावर ते फरशीवर मांडी घालून बसले आणि केबल मांडीवर घेतली.

"हिचा काय दोष न्हाई," ते म्हणाले. "ही भिंतीच्या आत जायची वायर हाय. एकदा घातली की आयुष्यभर हलायचं न्हाई, म्हणून अंगानं ताठ. हिला तुमी पायात आणून सोडली. पैलवानाला बालवाडीत बसवल्यावाणी झालं."

"मग काका, बारीक केबल मिळते ना? मी बघितलीय. चार्जरच्या वायरीएवढी."

काकांचा चेहरा बदलला. "बारीक?"

"हो."

"ताई, बारीक वायर म्हंजी चोरी. आमच्या कंपनीत कुणी वायरीची जाडी कमी करून पाठवली, की मी आख्खा माल परत धाडायचो. तांबं कमी घालायचं आन वरनं चकचकीत दाखवायचं. बारीक मला सांगू नका."

"पण जाड केबलवर अण्णा पडतील."

काकांनी खिशातून सुतळी काढली आणि राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत भिंतीलगत, दाराच्या चौकटीवरून, प्रत्येक कोपऱ्यात बोटाने दाबत मोजत गेले. "सरळ अंतर मोजून उपेग न्हाई. वळणं मोजायची," असं म्हणून सुतळीला गाठ मारली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते चिंचवडच्या बाजारातून सुतळीच्या मापाने कापलेले केबलींचे नमुने घेऊन आले आणि आमच्या डायनिंग टेबलावर मांडले. मुलीला दाखवायला स्थळं आणावीत, तशी गंभीर मांडणी होती. मी समोर बसले. अण्णाही दारातून बघत होते.

पहिली चपटी होती, फितीसारखी. मला ती बघताक्षणी आवडली, दाराखालून अलगद गेली असती. काकांनी ब्लेडने एक टोक सोललं आणि आतली तार खरवडली. तांबूस रंग निघून गेला, खाली पांढरं दिसायला लागलं.

"अॅल्युमिनियम. वरनं तांब्याचा हात फिरवलाय. चार वेळा वाकवली की तुटली. आन ह्या आतल्या तारा बगा, एकमेकींशेजारी नुसत्या झोपल्यात. जोडीजोडीनं पिळलेल्या पाहिजेत, म्हंजी एकीचा आवाज दुसरीत शिरत न्हाई."

"सगळ्या चपट्या अशाच असतात?"

"चांगल्याबी असत्यात. पण ही न्हाई."

दुसरी मध्यम होती. कोपऱ्यात फुगून राहत होती, वॉकर नक्की घासला असता. तिसरी होती ती बारीक. पांढरी, गोल, मऊ. मी ती बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली, तशी शहाण्यासारखी खाली पडून राहिली. काका तिच्याकडे बघत नव्हते. शेवटी त्यांनी ब्लेड घेतलं, सोललं, खरवडलं. तांबूस. पुन्हा खरवडलं. तांबूसच. आत केसासारख्या पुष्कळ तारा होत्या, जोडीजोडीने पिळलेल्या.

"खरं तांबं हाय," ते नाराजीने म्हणाले.

"मग?"

"मग काय. लांब पल्ल्याला चालायची न्हाई ही. कारखाना, मोठी इमारत, तिथं जाडच पाहिजे. घरात, एवढ्याशा अंतराला..." ते थांबले. "तपासल्याबिगर मी हो म्हणणार न्हाई."

तपासणी अशी ठरली. टोकांना पिना बसवून केबल तात्पुरती जमिनीवर टाकायची, मी लॅपटॉपवर बसायचं आणि काका खालून मोबाईलवरून मला व्हिडिओ कॉल लावणार. काका खाली गेले. पडद्यावर त्यांचं कपाळ दिसायला लागलं.

"दिसतोय का?"

"कपाळ दिसतंय काका. आवाज स्वच्छ आहे."

"आता मी चालतो. तुमी बोलत ऱ्हावा."

पडद्यावर इमारतीचं गेट, कुणाची तरी स्कूटर, मग पुन्हा कपाळ. काका वॉचमनला वायरीविषयी काहीतरी समजावत होते, तेही मला नीट ऐकू येत होतं. मग पडद्यावर अंधार झाला, काका गोठले आणि कॉल तुटला.

ते वर आले ते विजयी चेहऱ्याने. "बगितलं? मी म्हणलो व्हतो. तुटली."

"काका, तुम्ही कुठे गेला होतात?"

"बेसमेंटात. अवघड जागी बी टिकली पाहिजे ना."

"बेसमेंटमध्ये तुमच्या मोबाईलला रेंज नसते. माझी केबल इथेच होती."

दारातून एक वेगळाच आवाज आला. अण्णा हसत होते, तोंडावर हात ठेवून. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली वाकून ती बारीक केबल उचलली.

"चूक माझी," ते म्हणाले. "वायर निर्दोष."

त्यांनी आख्खी दुपार ती बसवण्यात घालवली. खिळा एकही नाही. भिंतीच्या तळाशी असलेल्या स्कर्टिंगच्या पट्टीच्या वरच्या कडेवर चिकटणाऱ्या छोट्या क्लिपा, चौकटीवरून वळसा, कोपऱ्यात गोलाई. माझ्या टेबलाखाली थोडी सैल सोडून वेल्क्रोने बांधली. काम झाल्यावर अण्णांना वॉकर घेऊन हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत चालायला लावलं आणि स्वतः शेजारून, खाली बघत चालले. वॉकर कुठेच अडकला नाही. पांढऱ्या भिंतीवर ती केबल शोधावी लागत होती.

बैठक झाली. माझा आवाज एकदाही तुटला नाही. संपल्यावर मॅनेजर बाईंचा निरोप आला, "आज पहिल्यांदा तुझं वाक्य पूर्ण ऐकलं." आणि खाली, घरून काम सुरू ठेव, म्हणून. मी उठून अण्णांच्या पलंगाशी जाऊन बसले. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला.

रविवारी मी सांज्याच्या पोळ्या केल्या आणि डबा घेऊन काकांच्या दारावर गेले. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. दारात काकू होत्या.

"कोन?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या समोर उभी होते, हातभर अंतरावर. तेव्हा मला कळलं.

"मी अनघा. समोरची."

"अगं बाई, तू व्हय. ये की आत. हे बाजारात गेल्यात." त्या वळल्या. त्यांची उजवी तर्जनी भिंतीवर होती. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक बारीक पांढरी वायर गेली होती, थेट माझ्या घरातल्यासारखी. काकूंचं बोट त्या वायरीवरून सरकत होतं आणि त्या त्याच्यामागून सहज, न चाचपडता चालल्या होत्या. घरात कुठेही गुंता नव्हता. जमिनीवर एक पायपुसणंसुद्धा नव्हतं. वायरीचं एक टोक दाराशी संपत होतं आणि दुसरं आत कुठेतरी. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

काकू स्वयंपाकघराच्या दाराशी थांबल्या. तिथे वायरीला वेल्क्रोची पट्टी गुंडाळली होती. "हितं एक गाठ म्हंजी सैपाकघर. दोन गाठी म्हंजी मोरी. गॅलरीला गाठ न्हाई, तिथं वारं लागतं." त्यांनी डबा हाताने चाचपून ओट्यावर ठेवला. "काचबिंदू. हळूहळू गेली नजर. घाबरू नगं, मला आता सवय झालीय."

"वायर छान बसवलीय," मी म्हटलं.

"ही तुझीच. म्हंजी तुझ्याच घरासारकी." त्या हसल्या. "आधी जाड व्हती, काळी. किती वरसं व्हती. बोट ठिवलं की साप हाताला लागल्यावाणी वाटायचं. कोपऱ्यात तर भिंत सोडून फुगायची, माझं बोट सुटायचं. पण मी बोलले न्हाई कधी. एवढ्या हौसेनं लावली व्हती. तुझं काम झालं त्या दिवशी ह्यांनी उरलेल्या वायरी घरी आणून टेबलावर ठिवल्या. मी सहज हात लावला तर ही हाताला आली. मऊ. मी सोडेचना. तवा ह्यांच्या ध्यानात आलं."

"काय म्हणाले?"

"काय बोलत्यात. रातभर गप बसलं. सकाळी उठून चिंचवडला."

आम्ही पोळ्या खाल्ल्या. काकूंनी विचारलं, "तुझ्या हॉलला निळं पडदं हायेत ना? आन तुझे वडील खिडकीपाशी बसत्यात." मी चकित झाले. त्या म्हणाल्या, "समद्यांची घरं मला ठावं हायती. हे जात्यात, बघत्यात, आन घरी आलं की एकेक सांगत्यात. कुनाच्या भिंतीवर काय, कुनी सोफा बदलला. मी बसल्या जागी आख्खी इमारत फिरून येते."

"मग तुम्हीच या ना. आमच्याकडे."

त्यांनी ताटलीवरून बोट फिरवून शेवटचा तुकडा शोधला. "दारापतुर माझी मी जाते. म्होरं कुनाचा तरी हात धरावा लागतो. बाहेर गेलं की लोक हात धरायलाच धावत्यात गं. चांगलीच मानसं असत्यात. पण माझी चालायची हौस तिथंच संपती. म्हणून तर हे कुनाला आत घेत न्हाईत."

तेवढ्यात काका आले. दार उघडं, मी आत, हे बघून ते उंबऱ्यातच थबकले. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "पोळ्या कशाच्या हायेत?" आणि पाय धुवायला गेले.

दोन-तीन दिवस ते दिसले नाहीत. मग एका सकाळी आमच्या दाराशी आले. हातात त्याच बारीक केबलची गुंडाळी आणि क्लिपांचं पाकीट होतं. आत यायला सांगितलं तरी आले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले. तोपर्यंत ते मला ताई म्हणत असत. "एक विचारायचं व्हतं. माझ्या दारापासनं तुझ्या दारापतुर, ह्या भिंतीवरनं, एक वढू का? तुझी हरकत नसली तर."

मी त्यांच्या हातातून क्लिपांचं पाकीट घेतलं. आम्ही दोघांनी मिळून ती लावली. कोपऱ्यावर आल्यावर काका म्हणाले, "डोळं मिट आन बोट फिरव. कुठं अडतंय का सांग." मी डोळे मिटून पॅसेजभर चालले. लिफ्टच्या दारापाशी वायर मधे तुटत होती, तिथे भिंतच नव्हती. मी तिथे गडबडले. काकांनी अलीकडे आणि पलीकडे एकेक गाठ बांधली आणि म्हणाले, "एवढं तिला जमंल."

सोसायटीच्या चेअरमननी दुसऱ्या दिवशी मला लिफ्टमध्ये गाठलं. पॅसेजमध्ये कुणी वायर टाकलीय, कुणाची आहे, परवानगी घेतली का. मी म्हटलं, "आमची आहे." काय आहे ते त्यांना सांगितलं, पण इमारतभर करू नका म्हणूनही सांगितलं. ते म्हणाले, "लिफ्टच्या दाराशी कुंडी आहे. ती हलवायला सांगतो."

पुढच्या रविवारी सकाळी काकू आल्या, एकट्या. मी दारात उभी राहून बघत होते आणि पुढे धावायचं नाही असं स्वतःला बजावत होते. काका त्यांच्या दारात उभे होते. काकूंचं बोट वायरीवर होतं, चाल सावकाश. लिफ्टपाशी त्या गाठीवर थांबल्या, हात पुढे करून पलीकडची भिंत शोधली आणि निघाल्या. आमच्या चौकटीला बोट लागल्यावर म्हणाल्या, "आले बाई."

मी त्यांना अण्णांच्या शेजारी खुर्ची दिली. अण्णांनी सवयीने मान खाली घातली. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"काय करत व्हता तुमी, नोकरीत?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर देणार होते, पण थांबले. अण्णांनी काकूंकडे पाहिलं. त्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, नुसत्या ऐकायला थांबल्या होत्या. त्यांच्या थांबण्यात घाई नव्हती.

"एस...टी," अण्णा म्हणाले. "कंट्रोलर. गाड्या... पुकारायचो."

"म्हंजी ते भोंग्यावरनं? चाकण, राजगुरुनगर?"

"हो."

"मग पुकारा की. माझं माहेर मंचरला. किती वरसांत गेले न्हाई."

अण्णांनी घसा साफ केला. वाकड्या तोंडातून, अडखळत, पण जुन्या त्या चढत्या लयीत त्यांनी सुरुवात केली. "नाशिक फाटा... भोसरी... मोशी... चाकण..." प्रत्येक नावाला काकू काहीतरी सांगत होत्या. चाकणच्या बाजारातले कांद्याचे ढीग. राजगुरुनगरला नदीवरचा पूल. "मंचर" म्हणताना अण्णांची जीभ अडली. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा अडली. काकू म्हणाल्या, "गाडी पंक्चर झाली वाटतं आमची." अण्णा हसले, तोंडावर हात न ठेवता. काकूही हसल्या, मोठ्याने, डोकं मागे टाकून.

मी चहाचं विचारायला बाहेर आले. काका त्यांच्या दारात नव्हते. ते पॅसेजमध्ये, आमच्या दारापासून थोडं अलीकडे, भिंतीला टेकून उभे होते. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नसावं.

"कोन हसलं आत्ता?" त्यांनी हळूच विचारलं.

"काकू."

काका वायरीकडे बघत राहिले. आत अण्णांनी मंचर नीट म्हटलं आणि पुढच्या गावाला लागले.

"चहा घ्यायला या ना आत," मी म्हटलं.

"नगं. ती एकटी आलीय. एकटीलाच बसू दे." ते भिंतीशी खाली बसले, पाय लांब करून, थकलेला माणूस बसतो तसे. "तू जा. दार तेवढं उघडंच ऱ्हाऊ दे."